४.३ अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील नागरिक-सैनिक

१९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन व काँकर्ड येथील चकमकींनी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. त्या दिवशी बॉस्टनहून निघालेल्या सुमारे ७०० ब्रिटिश सैनिकांना ज्यांनी अडवले, ते पगारी शिपाई नव्हते. शेतकरी, लोहार, दुकानदार होते. परतीच्या वाटेवर दगडी कुंपणांआडून झालेल्या गोळीबारात, नंतर आलेल्या कुमकेसह, ब्रिटिशांची २७० च्या आसपास माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. शेतकऱ्याने बंदूक उचलली आणि साम्राज्य हरले, ही लोकप्रिय समजूत या दिवसातून जन्मली. ती कितपत खरी, हे आपण तपासू.

प्रथम ‘मिलिशिया’ ही संज्ञा पाहा. बहुतेक वसाहतींच्या कायद्यांनुसार साधारणतः १६ ते ६० वयाच्या सुदृढ गोऱ्या पुरुषांवर कवायतीस हजर राहण्याचे व प्रसंगी लढण्याचे बंधन असे. बंदूकही बहुधा स्वतःचीच आणावी लागे. म्हणजे ही उत्स्फूर्तपणे जमलेली गर्दी नव्हे. ती कायद्याने घडवलेली, गावाशी बांधलेली संस्था होती. सेवेची मुदत मात्र अल्प असे, आणि सुगी जवळ आली की माणसांना घराची ओढ लागे.

वॉशिंग्टन यांना हेच खटके. मिलिशियावर विसंबणे म्हणजे मोडक्या काठीवर भार टाकणे होय, अशा आशयाचे पत्र त्यांनी सप्टेंबर १७७६ मध्ये काँग्रेसला लिहिले. १६ ऑगस्ट १७८० च्या केमडेनच्या लढाईने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. ब्रिटिश संगिनी चालून येताच मिलिशियाचे बहुसंख्य लोक पळाले. पुष्कळांनी एक गोळीही झाडली नाही. त्यांना भित्रे म्हणण्याची घाई मात्र आपण करू नये. संगिनीपुढे रांग धरून उभे राहणे हे दीर्घ सरावाचे काम आहे.

हे ओळखले डॅनियल मॉर्गन यांनी. १७ जानेवारी १७८१ रोजी काउपेन्स येथे त्यांनी मिलिशियाला पुढे ठेवले आणि नेम धरून दोनच फैरी झाडून मागे सरण्यास सांगितले. माघार हीच योजना होती. शत्रू पळाला असे समजून टार्लटनची फौज विस्कळीतपणे पुढे धावली आणि मागे उभ्या असलेल्या कायम सैनिकांच्या तडाख्यात सापडली. तिचा बहुतांश भाग मारला वा पकडला गेला.

तथापि मिलिशियाचे खरे सामर्थ्य रणांगणाबाहेर होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ब्रिटिश फौज शहर जिंकी. पण ती पुढे सरकताच मागचा मुलूख पुन्हा मिलिशियाच्या हाती जाई. १७७७ च्या हिवाळ्यात न्यू जर्सीत चारा-धान्य गोळा करण्यास निघालेल्या ब्रिटिश तुकड्यांनाही सुखाने परतता येईना. गावोगावी राजनिष्ठांची शस्त्रे काढून घेणे, निष्ठेच्या शपथा घ्यायला लावणे, हेही तिचेच काम. युद्ध धर्माविरुद्ध मानणाऱ्या क्वेकरांना सेवा नाकारल्याबद्दल दंड भरावा लागे. तटस्थ राहणे दुरापास्त झाले. ७ ऑक्टोबर १७८० रोजी किंग्ज माउंटन येथे तर दोन्ही बाजूंनी लढणारे जवळजवळ सारे अमेरिकनच होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : शेजाऱ्यावर बंदूक रोखून मिळवलेल्या निष्ठेला ‘लोकांचा पाठिंबा’ म्हणता येईल काय? वरील उदाहरणांच्या आधारे १५ ओळींत उत्तर लिहा.