हरिणांचे वैरी

हाटकेशच्या गच्चीवरून पूर्वेकडे दृष्टि टाकली म्हणजे काशीमिऱ्यापलीकडे जी डोंगररांग दिसते, ती बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची होय. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या या अरण्यास पुढें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हें नांव मिळालें. येथें चितळ, सांबर व भेकर या जातींचीं हरिणें राहतात. त्यांचे नैसर्गिक शत्रु कोण, याचा आज विचार करूं.

मेळघाट, ताडोबा इत्यादि मोठ्या जंगलांत वाघ सांबरांची शिकार करतो. रानकुत्रे टोळीनें पाठलाग करून थकलेलें सावज घेरतात. आपल्या शेजारच्या अरण्यांत या दोहोंची मुक्त वस्ती आज नाहीं. येथील मुख्य शिकारी बिबट्या. तो दूरवर धांवत नाहीं. झुडपांच्या आडोशानें दबत दबत जवळ येतो व झडप घालून भक्ष्याचा गळा धरतो. परंतु झाडावरचें वानर त्यास पाहून ओरडलें, कीं चितळांचा कळप उधळतो, आणि पुष्कळदां बिबट्यास उपाशींच परतावें लागतें.

कोणी म्हणेल, शिकारी नाहींसे झाले तर हरिणें सुखी होतील. अमेरिकेंतील यलोस्टोन उद्यानांत १९२६ च्या सुमारास लांडगे मारून संपविण्यांत आले. पुढें एल्क नांवाचीं मोठीं हरिणें इतकीं वाढलीं, कीं कोवळीं रोपें उरेनात, व कळप आटोक्यांत ठेवण्यासाठीं माणसासच बंदूक उचलावी लागली. अखेर १९९५ सालीं लांडगे पुन्हां आणून सोडले.

आपल्याकडील अडचण निराळी आहे. बिबट्याच्या विष्ठेच्या परीक्षणावरून असें आढळलें आहे, कीं तो हरिणांबरोबर भटकीं कुत्रींही पुष्कळ खातो. हीं कुत्रीं वाढतात उघड्यावर टाकलेल्या खरकट्यावर. आणि तींच अरण्यांत शिरून हरिणांवरही तुटून पडतात. म्हणजे आपल्या दारचा उकिरडा बिबट्यास वस्तीकडे ओढतो आणि हरिणांस एक नवा वैरी निर्माण करतो.

तेव्हां खरकटें झांकणाच्या पेटींतच टाकावें, काळोख पडल्यावर डोंगराकांठीं एकट्यानें फिरूं नये, व लहान भावंडांस नेहमीं बरोबर ठेवावें. एवढें प्रत्येक घरानें पाळलें, तर बिबट्याचें अन्न अरण्यांतच राहील, आणि तोही तेथेंच राहील.