दुरुस्त केलेल्या इंजिनांतील ठोका

इंजिन खोलून, नव्या रिंगा व बेअरिंगें घालून परत आलें म्हणजे तें नवें झालें, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. पुढें त्यांतून ठकठक असा आवाज येऊं लागला, तर "चार दिवस चालवा, बसेल," असें मिस्त्री सांगतो व आपण तें खरें मानितों. ह्या एका शब्दावर विसंबून मीं स्वतःचें नुकसान करून घेतलें आहे. तसें इतरांचें होऊं नये म्हणून हा लेख.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मी एक गोष्ट शिकलों. ताळा जुळला नाहीं, तर सारी वही पुन्हां बेरजेस घेऊं नये. मागचा ताळा जुळल्यानंतर ज्या नोंदींना हात लागला असेल, त्या आधीं तपासाव्या. इंजिनासही हाच नियम लागू पडतो. खोलण्यापूर्वीं जो ठोका नव्हता, तो बहुधा जेथें हात लागला तेथेंच उत्पन्न झालेला असतो.

ठोका ऐकूं येतांच इंजिन थांबवावें व ऑइलची पातळी पहावी. जाड ऑइल घातल्यानें आवाज दबतो, दोष जात नाहीं. नंतर अगदीं थोडा वेळ चालवून ठोका केव्हां येतो हें वहींत टिपून घ्यावें: थंड असतां कीं तापल्यावर, रिकामें असतां कीं ओझ्यावर, संथ चालतांना कीं वेगांत. लांब पेचकसाचें टोंक इंजिनाच्या अंगाला व मूठ कानाशीं लावल्यास आवाजाची जागा कळते. मात्र फिरत्या भागांपासून अंगावरचे कपडे दूर ठेवावे.

ठोक्याची गति मोजणेंही उपयोगी आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनांत शाफ्टाचे दोन फेरे होतात तेव्हां जळण एकदां पेटतें. मिनिटास १५०० फेरे असतां पेट ७५० वेळां होतो, व टॅपेटही तितक्याच वेळां उचलला जातो. यास्तव दोन फेऱ्यांस एक अशी हलकी टिकटिक असेल, तर टॅपेटचें अंतर आधीं तपासावें.

थंडपणीं मोठा व तापल्यावर कमी होणारा पोकळ आवाज पिस्टन सिलिंडरांत सैल असल्याचें चिन्ह आहे. ओझें नसतां संथ चालींत येणारी तीक्ष्ण दुहेरी टकटक पिस्टनच्या पिनेची असते. ओझ्यावर वाढणारा जड ठोका कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगाचा समजावा व इंजिन पुन्हां चालवूं नये. डीझेलच्या इंजिनांत जळण वेळेपूर्वीं पडल्यास किंवा नोझल गळत असल्यासही कर्कश ठोका येतो. ह्याची परीक्षा अशी: चालत्या इंजिनाचें डीझेल बंद करावें. जड चाकाच्या जोरावर तें कांहीं फेरे फिरतें. तेवढ्यांतही ठोका ऐकूं आला, तर दोष जळणाचा नसून जोडणीचा आहे. आवाज थांबला तर आधीं जळणाकडे पहावें. परंतु तेवढ्यावरून निकाल देऊं नये, कारण पेटाचा दाब गेल्यावर सैल बेअरिंगही कधीं कधीं गप्प बसतें.

दुरुस्तींत होणाऱ्या चुका निराळ्या ध्यानांत ठेवाव्या. क्रँकशाफ्ट ०.२५ मिलिमीटर घासला असतां बेअरिंगही त्याच मापाचें पाहिजे. रॉड व त्याची टोपी ह्यांवरील खुणा एकाच बाजूस आल्या पाहिजेत. लायनर जुनाच ठेविल्यास त्याच्या वरच्या टोंकास झिजेमुळें कांठ राहतो व नवी रिंग त्यावर आदळून मोडते. गॅस्केट पातळ पडलें, तर पिस्टन हेडाला लागतो. हा संशय असल्यास पिस्टनच्या माथ्यावर मऊ सोल्डरची तार ठेवून, हेड आवळून, चाक हातानें सावकाश दोन फेरे फिरवावें. चेपलेल्या तारेची जाडी पुस्तिकेंतील अंतराशीं ताडून पहावी.

आतां माझा अनुभव. माझ्या बागेंतील लहान ट्रॅक्टरास एका सिलिंडरचें डीझेल इंजिन आहे. दुरुस्तीनंतर त्यांत ठोका येऊं लागला. "बसेल" ह्या भरंवशावर मीं दोन दिवस बागेची मशागत केली. तिसऱ्या दिवशीं तोच मिस्त्री म्हणाला, "मोठें बेअरिंग गेलें, पुन्हां खोलावें लागेल." तेव्हां मीं वही काढिली. ठोका संथ चालींत येई, ओझें पडतांच नाहींसा होई. बेअरिंगाचें लक्षण ह्याच्या उलट. डीझेल बंद करून इंजिन थांबावयाच्या बेतांत असतां पुन्हां चालू केलें, तों एकच जड धक्का बसला. मग इंजिन पूर्ण थांबवून शाफ्टाच्या टोंकापासून चाकापर्यंत एक बारीक रेघ ओढिली व चाक पुढें-मागें हलविलें. चाकावरची रेघ सरके, शाफ्टावरची जागींच राही. म्हणजे चाकच सैल होतें!

नट काढितां शाफ्टाच्या निमुळत्या भागावर ऑइल व जुनी घाण आढळली; ती न पुसतांच चाक बसविलें होतें, आणि चावी कडांनीं झिजली होती. पहिल्याच दिवशीं थांबलों असतों, तर एका चावीवर भागलें असतें. दोन दिवसांत शाफ्टाची खांचही फांकली. ती यंत्रशाळेंत रुंद करून पायरीची चावी घालावी लागली. त्यांत पेरणीपूर्वींचे आठ दिवस गेले व शेजाऱ्याचे बैल भाड्यानें आणावे लागले. तरी इंजिन विनाकारण दुसऱ्यांदा खोलण्याचा खर्च वांचला, तो वहीमुळें.

मिस्त्र्यास दोष देऊन स्वस्थ बसावें, असा ह्या लेखाचा हेतु नाहीं. इंजिन चालविणारा हात माझाच होता. नवी रिंग बसावयास वेळ लागतो हें खरें, परंतु धातूवर धातु आदळत असेल तर तो कधींच बसत नाहीं, झिजत मात्र जातो. म्हणून ठोका ऐकतांच थांबावें, लक्षणें लिहून काढावीं, आणि जेथें हात लागला तेथें प्रथम पहावें. एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेविलें, तर माझे गेलेले आठ दिवस कारणीं लागले असें मी समजेन.