ग्रामदानातलं 'दान' (गीता १६.१)



आज सोळाव्या अध्यायाचा पहिला श्लोक. दैवी संपत्तीच्या यादीत अभय, चित्तशुद्धी, ज्ञानयोगातली स्थिरता आणि लगेच चौथा शब्द येतो, दान.

दान म्हटलं की आपल्याला काय आठवतं? क्यूआर कोड, ५०१ रुपये, ८०जीची पावती. देणारा वर, घेणारा खाली. पण शंकराचार्यांनी इथे भाष्यात दानाचा अर्थ दिलाय 'संविभाग', म्हणजे अन्नादी गोष्टींची यथाशक्ती नीट वाटणी. वाटणीत उपकार कुठून येणार? समोरच्याचा वाटा त्यात धरलेलाच असतो. आणि गंमत बघा, 'भाग' ज्या 'भज्' धातूतून येतो, त्यातूनच 'भक्ती'ही येते!

विनोबांनी दानाचा हाच अर्थ धरला. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. हे भूदान. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशात हमीरपूर जिल्ह्यातलं मंगरोठ हे गावच्या गाव पुढे आलं, आणि 'ग्रामदान' हा शब्द रुजला.

आता जरा थांबा. गाव दिलं, पण कोणाला? विनोबांना नाही, सरकारलाही नाही. गावानं गावालाच! देणारा आणि घेणारा एकच असेल तर त्याला दान तरी कसं म्हणायचं? 'संविभाग' हा अर्थ घेतला की मगच हा शब्द उलगडतो.

पुढे 'सुलभ ग्रामदान' आलं. जमिनीची मालकी गावाची, विसावा हिस्सा भूमिहीनांना, उरलेली जमीन कसायचा हक्क त्याच कुटुंबाकडे, त्याच्या वारसांनाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ओनर ग्रामसभा, एडिट अ‍ॅक्सेस शेतकऱ्याकडे, आणि गावाबाहेर शेअर करायचं बटण बंद. महाराष्ट्रात १९६४ मध्ये ग्रामदानाचा कायदाही झाला. खरं सांगायचं तर देशभरातली कितीतरी ग्रामदानं सह्यांपुरतीच राहिली. तरी शब्द मेला नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं २०१३ मध्ये पुन्हा तोच रस्ता धरला.

हे सगळं आत्ताच का वाचतोय? आमच्याकडे आजोबांच्या जमिनीची वाटणी चाललीये. घरात सगळे विचारतात, "आत्यांना काय द्यायचं?" ठरलेली पद्धत तुम्हालाही माहीत असेल : हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि भाऊबीजेला पैठणी द्यायची. पैठणी हे आपल्याला कळणारं दान. पण त्या जमिनीत आत्यांचा वाटा आहेच, तो 'द्यायचा' प्रश्नच नाही. रविवारी बैठक आहे. बाबा आणि काका दोघांसमोर हे बोलणं सोपं नाही, पण सही घेण्याआधी आत्यांना काय हवंय ते विचारा, एवढं तरी मी म्हणणार आहे.

उद्या याच श्लोकातला पुढचा शब्द, दम.