मोठ्या गटासाठी धडा: कामाच्या वाटा

मुलामुलींनो,

'मोठेपणी मी कोण होणार' हे तुमचे निबंध बाईंनी आम्हा पालकांनाही वाचायला दिले. शुद्धलेखनाबद्दल बाई बोलतीलच. आमच्या लक्षात आले ते एवढेच, की काय व्हायचे हे सगळ्यांनी लिहिले, पण तिथवर जायची वाट कशी असते हे कोणीच लिहिले नाही. म्हणून हा धडा.

आधी शब्द पाहू. 'करिअर' हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याचा जुना अर्थ गाड्यांचा रस्ता, शर्यतीचे मैदान असा. मराठीत 'कारकीर्द' म्हणतात, पण तो शब्द राजेमहाराजांना आणि मुख्यमंत्र्यांना जास्त शोभतो. आपण 'वाट' म्हणू. प्रत्येक क्षेत्राची वाट वेगळी बांधलेली असते आणि माणूस बराचसा त्या बांधणीप्रमाणे चालतो.

वैमानिकाचे पाहा. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत सगळे ज्येष्ठतेवर चालते. ज्येष्ठता म्हणजे कोण आधी नोकरीला लागले. कोणते विमान, कोणता मार्ग, सणाला सुट्टी मिळणार की नाही, सारे त्या यादीतल्या क्रमांकावर. कंपनी बदलली की वीस वर्षांचा अनुभव असला तरी यादीत तळाला. निवृत्ती ६५ व्या वर्षी सक्तीची (२००७ पर्यंत ती ६० व्या वर्षी होती). त्यामुळे मोठ्या कंपनीत एकदा शिरलेला वैमानिक सहसा हलत नाही.

डॉक्टरांच्या वाटेवर परवान्याचे फाटक आहे. भारतात साडेपाच वर्षांचे एम.बी.बी.एस. करून आलेल्या, तिथे प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरलाही इथे पुन्हा परीक्षा देऊन बहुधा किमान तीन वर्षे रेसिडेन्सी करावी लागते. इलेक्ट्रिशियनची चार-पाच वर्षांची शिकाऊ उमेदवारी असते, आणि त्या काळात पगारही मिळतो. निबंधात इलेक्ट्रिशियन कोणी लिहिला नव्हता. आम्हाला नवल वाटले नाही!

आता आमचे क्षेत्र, सॉफ्टवेअर. इथे फाटकच नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित खाजगी इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि इंजिनियर होणे पुष्कळ घरांच्या आवाक्यात आले. पुढे सॉफ्टवेअर कंपन्या कॉलेजात येऊन मेकॅनिकल, सिव्हिल, कोणत्याही शाखेची मुले घेऊ लागल्या. आमच्यातल्या कित्येकांनी चार वर्षे यंत्रे शिकून आयुष्यात एकही यंत्र बनवले नाही. फाटक नसल्याचा दुसरा भागही आहे. मागून नवे लोक रोज आत येतात, आणि शिकलेले दहा वर्षांत जुने होते. चाळिशीतही आम्ही रात्री अभ्यास करतो तो हौसेने नव्हे.

कायदासुद्धा वाट घडवतो. 'ही नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाणार नाही' असा करार कॅलिफोर्नियात सहसा चालत नाही. तो कायदा १८७२ चा आहे, तेव्हा कॉम्प्युटर कोठे होते! पण तिथले इंजिनियर सहज नोकऱ्या बदलतात त्यामागे त्याचाही हात आहे.

आमच्या पिढीची मोकळीक मात्र व्हिसाने आखडली. एच-१बी वर नोकरी बदलायची तर नव्या कंपनीने नवा अर्ज करायचा. ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्के, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची. रांगेत असताना कामाचे स्वरूपच बदलले तर कागदपत्रे पुन्हा पहिल्यापासून करावी लागण्याची भीती. सॉफ्टवेअर सोडून शिक्षक व्हावे असे वाटणारे लोक आमच्यात आहेत. ते थांबले. आणि घरी एच-४ व्हिसावर बसलेल्या तुमच्या कित्येक आयांना, पदव्या असूनही, कामाची मुभाच नव्हती. २०१५ साली नियम बदलला आणि त्यांतल्या काहींना परवाने मिळू लागले.

हे तुम्हाला सांगण्याचे कारण आहे. तुमच्यातली जी मुले भारतात जन्मली आणि आईवडिलांच्या व्हिसावर इथे आहेत, त्यांचा तो आधार २१ व्या वर्षी संपतो. पुढे विद्यार्थी व्हिसा. पदवीनंतर त्यावर साधारण एक वर्ष काम करता येते. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित यांतली पदवी असेल तर २०१६ च्या नियमाप्रमाणे आणखी २४ महिने मिळू शकतात. म्हणजे एकाच बाकावरच्या दोघींना इतिहासच आवडत असेल, तर इथे जन्मलेलीला तो निवडणे सोपे आणि दुसरीला महाग. दुसरीने इतिहास निवडू नये असे आम्ही म्हणणार नाही, पण हिशेब अकरावीत मांडावा, पदवीच्या शेवटच्या वर्षी नव्हे. नियम बदलत राहतात, तेव्हा त्या वेळचे नियम जाणकाराला विचारून घ्यावेत. आणि ही गोष्ट घरी काढायला मुलांनी संकोच करू नये, आईबाबा बहुधा त्याच विचाराने जागे असतात.

गृहपाठ: घरातल्या किंवा ओळखीच्या एका मोठ्या माणसाला विचारा. पहिले काम कसे मिळाले? परवाना लागला का? काम सोडावेसे वाटले तेव्हा कशाने अडवले? उत्तरे दहा ओळींत, मराठीत लिहा. 'परवाना', 'ज्येष्ठता', 'उमेदवारी' हे तीन शब्द त्यात आले पाहिजेत. आजीआजोबांना फोन करायचा असेल तर भारतातली वेळ आधी पाहून घ्या.