डॅशबोर्ड यंत्राने काढला, तपासणार कोण?

‘मुलीला डेटा ॲनालिटिक्सला घालायचं म्हणतोय, पण तीच सांगते की डॅशबोर्ड आता एआय काढतं. मग घालू की नको?’ हल्ली पालक हा प्रश्न फार विचारतात. त्यांच्या कानावर आलेलं खोटं नाही, हे आधी सांगून टाकतो. २०१५मध्ये डॅशबोर्ड काढायचं मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय बाजारात आलं, तेव्हा विक्री, नफा, जिल्हा असे रकाने एकेक करून उचलायचे आणि आलेख हाताने बसवायचे, असं ते काम होतं. २०२३मध्ये कंपनीने त्यात कोपायलट हा एआय मदतनीस आणत असल्याचं जाहीर केलं. आता ‘जिल्हावार विक्री दाखव, मागच्या वर्षाशी तुलना कर’ एवढं साध्या इंग्रजीत लिहिलं की आलेखांसकट पान पुढ्यात येतं. त्याच जातीचं टॅब्लोही त्याच वाटेवर आहे. रोज सकाळी एक्सेल उघडा, व्हीलुकअप लावा, पिव्होट टेबल काढा आणि साहेबांना मेल करा, एवढ्यावर चालणारी एमआयएस एक्झिक्युटिव्हची नोकरी यापुढे भरवशाची नाही. कुठला क्लास तेवढंच शिकवत असेल, तर फी भरू नका.

पण पान तयार झालं म्हणजे त्यावरचा आकडा बरोबर आहे, असं समजू नये. समजा, साड्यांच्या एका दुकानाची विक्री यंत्राला दिली. ऑक्टोबर २०२३चा खांब आदल्या ऑक्टोबरपेक्षा चांगलाच बुटका निघाला आणि शेजारी लाल बाण आला. यंत्राच्या लेखी धंदा बसला. घरातल्या आजीला विचारलंत तर ती सांगेल, त्या वर्षी अधिक श्रावण होता, दिवाळी लांबली होती. २०२२चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३चं १२ नोव्हेंबरला. गिऱ्हाईक कुठे गेलं नव्हतं, खरेदीचा मोठा भाग नोव्हेंबरच्या खात्यात पडला होता, एवढंच. लाल बाणाला घाबरून मालकाने माल कमी मागवला असता, तर ऐन दिवाळीत त्याला गिऱ्हाईक परत पाठवावं लागलं असतं. तुलना महिन्याशी महिन्याची न करता दिवाळीआधीच्या तीस दिवसांची करायची, हे सुचणाऱ्या मुलीला काम मिळतं.

अशा फसण्याच्या जागा पुष्कळ आहेत. तारखांचा रकाना दिसला की पॉवर बीआय स्वतःहून तिमाही पाडतं, पण जानेवारीपासून. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. त्यामुळे ‘पहिली तिमाही’ म्हटल्यावर पडद्यावर जानेवारी ते मार्च दिसतं आणि सीएच्या डोक्यात एप्रिल ते जून असतं. पत्त्यांचं वेगळंच त्रांगडं. एका बिलावर ‘औरंगाबाद’, दुसऱ्यावर ‘छत्रपती संभाजीनगर’, तिसऱ्यावर ‘संभाजी नगर’ असं तोडून लिहिलेलं. सांगितलं नाही तर ही तीन वेगळी शहरं मोजली जातात. वर बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे, तेव्हा नकाशावरचा ठिपका कुठे उमटलाय तेही बघावं लागतं. विक्रीत जीएसटी धरलाय का? परत आलेला माल वजा केलाय का? बीकॉमच्या मुलांना हे प्रश्न पडतात, कारण त्यांनी खतावणी केलेली असते. ‘डेटासाठी इंजिनिअरिंगच हवं’ हा हट्ट म्हणूनच मला पटत नाही. बीकॉम चालतं, संख्याशास्त्राची बीएस्सी तर उत्तमच. आयआयटी मद्रासचा २०२१पासून सुरू असलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवीक्रमही आहे. त्याला जेईई लागत नाही, पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि दुसरी पदवी सांभाळून तो करता येतो. गणिताचा मात्र कंटाळा असून चालणार नाही.

शिकायचंच तर एसक्यूएल, म्हणजे डेटाच्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा, आधी शिका. यंत्र ते लिहून देतं हे खरं, पण दिलेलं वाचता आलं पाहिजे. बिलांचा तक्ता वस्तूंच्या तक्त्याला जोडला आणि एका बिलावर तीन वस्तू असल्या, तर बेसावध जोडणीत त्या बिलाची एकूण रक्कम तीनदा मोजली जाते. डॅशबोर्ड देखणाच दिसतो, विक्री फक्त फुगलेली असते. एकूण बेरीज टॅलीतल्या आकड्याशी ताडून पाहण्याची सवय लागली की निम्म्या चुका तिथेच सापडतात.

क्लासवाल्याला प्लेसमेंटचे टक्के विचारण्याआधी, सरावाला कुठला डेटा देता, ते विचारा. टॅब्लोसोबत ‘सुपरस्टोअर’ नावाचा नमुना येतो, तो अमेरिकेतल्या विक्रीचा आणि आधीच नीटनेटका केलेला. पोर्टफोलिओत तोच तो बघून मुलाखत घेणारे कंटाळलेले असतात. त्यापेक्षा ओळखीच्या मेडिकलवाल्याची किंवा कृषी सेवा केंद्राची वर्षभराची विक्री, त्यांची परवानगी घेऊन आणि गिऱ्हाइकांची नावं-नंबर काढून टाकून, एक्सेलमध्ये घ्या. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं. त्यावर पान बनवा आणि मालकाला दाखवा. तो म्हणेल, ‘हा आकडा काही बरोबर वाटत नाही.’ तिथून पुढे खरं शिक्षण. कुठे काय चुकलं होतं आणि कसं दुरुस्त केलं, ते एका कागदावर उतरवून ठेवा, मुलाखतीत विचारतात.

पालकांसाठी आणखी एक. पहिल्या नोकरीच्या पत्रावर ‘डेटा ॲनालिस्ट’च लिहिलेलं असावं, असा आग्रह धरू नका. गोदाम, खरेदी विभाग, हॉस्पिटलचं बिलिंग, सहकारी बँकेची शाखा, कुठेही सुरुवात होऊ द्या. नोंदी तिथे तयार होतात आणि त्या कशा चुकतात, हेही तिथेच दिसतं. दोन वर्षं तिथे घालवून, सोबत एसक्यूएल पक्कं करून ॲनालिस्टच्या जागेसाठी अर्ज केला, तर नुसतं प्रमाणपत्र घेऊन आलेल्यापेक्षा तो उमेदवार मला उजवा वाटतो. पगार सुरुवातीला थोडा कमी असेल, तेवढी तयारी ठेवा.