मॉड्यूल उतरत नाही, जबरदस्ती करू का?

प्रश्न : लिनक्ससाठी कॅरेक्टर डिव्हाइसचं छोटं मॉड्यूल लिहिलं. ‘आरएममॉड’ दिलं की ‘मॉड्यूल वापरात आहे’ असं येतं. जबरदस्तीचा पर्याय वापरू का?
– एक विद्यार्थी, पार्से (पेडणे)

उत्तर : नको. दशावतारी पात्र रंगमंचावर असताना कोणी मंडप उतरवत नाही. कर्नलही तेच सांगतोय.

‘एलएसमॉड’च्या तिसऱ्या रकान्यातला आकडा म्हणजे वापरणाऱ्यांची मोजदाद. आकड्यापुढे नावं असतील, तर आधी ती मॉड्यूल उतरवा. नावं नसतील, तर तुमची डिव्हाइस फाइल कुणीतरी उघडी ठेवली असेल. ‘एलएसओएफ’ने तो प्रोग्राम शोधून बंद करा. मॉड्यूलच्या कोडमध्येच कर्नल ‘ऊप्स’ झाला असेल, तर आकडा अडकूनच राहतो. मग मशीन रीस्टार्ट करणं बरं. एक्झिट फंक्शन लिहिलंच नसेल, तर मॉड्यूल कायमचं समजलं जातं.

जबरदस्तीची सोय कर्नल बांधताना चालू केली असेल तरच मिळते, आणि वापरल्यावर कर्नलवर ‘टेंटेड’ शिक्का बसतो. काढलेल्या कोडकडे कुणी वळलं, की मशीन कोसळू शकते.

एक्झिट फंक्शनमध्ये क्रम इनिट फंक्शनच्या उलटा ठेवा : आधी डिव्हाइसची नोंदणी रद्द, म्हणजे नवं गिऱ्हाईक येणार नाही, मग टायमर आणि वर्कक्यू थांबवून चालू काम संपेपर्यंत वाट पाहा, मेमरी सगळ्यात शेवटी सोडा. फाइल ऑपरेशन्समधला ‘ओनर’ भरायला विसरू नका. मोजदाद त्यावरच चालते.