पाण्याची घंटा



गेल्या उन्हाळ्यात एका लहान गावच्या शाळेस भेट देण्यास गेले होते. सकाळची शाळा होती. चौथीच्या वर्गात वाचन चालू असता एक मुलगी बाकावर डोके टेकून बसलेली दिसली. “ही पहिल्या तासाला चलाख असते, पुढे तिचे लक्ष उडते,” असे गुरुजींनी सांगितले. मी तिला जवळ घेऊन विचारपूस केली. तिचे डोके दुखत होते. घरून निघताना अर्धा कप चहा घेतलेला, त्यानंतर पाण्याचा थेंब नाही. माठ तर वर्गाच्या दारातच होता! बऱ्याच वेळाने ती खाली मान घालून म्हणाली, “बाई, मुतारीच्या दाराला कडी नाही. म्हणून मी पाणीच पीत नाही.”

त्या मुलीस आपण ‘लक्ष नसलेली’ ठरविले होते. वास्तविक लक्ष आपले नव्हते.

शरीराची गरज

आपल्या शरीरात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. अन्नरस पेशींपर्यंत नेणे, घामावाटे शरीर थंड राखणे आणि मूत्रावाटे निरुपयोगी द्रव्ये बाहेर टाकणे, ही कामे पाण्यावाचून होत नाहीत. पाणी कमी पडले की मूत्रपिंडे ते राखून ठेवू लागतात. मग लघवी थोडी व गडद पिवळी होते. डोके दुखते, तोंड कोरडे पडते, मन एकाग्र होत नाही. आपल्याकडे ज्यास ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात, तो लघवीच्या जळजळीचा त्रासही अनेकदा यातूनच होतो. लघवी वारंवार रोखून धरल्यास मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होण्याचा संभव वाढतो.

प्राथमिक शाळेतील मुलास अन्नातील पाणी, ताक, वरण इत्यादी धरून दिवसास सुमारे दीड ते दोन लिटर पाणी लागते; उन्हात खेळल्यास अधिक. परंतु खेळात रमलेल्या मुलास तहानेचे भान राहत नाही. म्हणून ते भान शाळेने ठेवावयाचे असते.

शाळेने काय करावे

१. ठरावीक वेळी पाण्याची घंटा द्यावी. केरळातील शाळांत २०१९ साली ही प्रथा सुरू झाली व तिचा पुष्कळ गाजावाजा झाला. तिला खर्च काहीच नाही. पहिला तास संपल्यावर, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटण्यापूर्वी, अशा तीन घंटा पुरेत. दर वेळी २०० मिलिलिटरचा एक पेला घेतल्यास ६०० मिलिलिटर, म्हणजे दिवसाच्या गरजेचा सुमारे एकतृतीयांश भाग, शाळेतच भागतो. मात्र पाणी पिण्याची बळजबरी करू नये. आजारी मुलाच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानावा.

२. साठ मुलांच्या शाळेस या हिशेबाने ३६ लिटर पिण्याचे पाणी रोज लागेल. माठ रोज घासून भरावा, झाकून ठेवावा व पाणी दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. हात बुडवू देऊ नये. पाणी भरण्याचे काम मुलींवरच टाकू नये, पाळी सर्वांची असावी.

३. करंगळी दाखविणाऱ्या मुलास रागावू नये. “आताच जाऊन आलास ना?” हा एक प्रश्न मुलाचे पाणी तोडण्यास पुरेसा होतो.

४. मुलामुलींसाठी स्वतंत्र प्रसाधनगृह आणि पुरेसे सुरक्षित पिण्याचे पाणी ही शाळेची आवश्यक साधने असल्याचे २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमात नमूद आहे. मुतारीला कडी आहे काय, आत पाणी आहे काय, कुलूप तर लावलेले नाही ना, हे मुख्याध्यापकांनी दर सोमवारी स्वतः पाहावे. उणीव असल्यास शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावी.

एका तासाचा पाठ

मेथीच्या दोन काड्या घ्याव्यात. एक पाण्याच्या पेल्यात उभी करावी, दुसरी तशीच टेबलावर ठेवावी. मधल्या सुट्टीनंतर दोन्ही मुलांना दाखवाव्यात व “ही का मान टाकून बसली?” एवढेच विचारावे. उत्तर मुलेच देतील. नंतर गणिताच्या तासाला किती पेल्यांचा एक लिटर होतो, हे प्रत्यक्ष मापून घ्यावे. शेवटी लघवीचा फिकट पिवळा रंग ही पुरेसे पाणी प्यायल्याची खूण आहे, हे न संकोचता सांगावे. आपण संकोचलो, तर मुले आयुष्यभर संकोचतील.

त्या शाळेत चार दिवसांनी कडी बसली. गावातल्या सुताराने ती अर्ध्या तासात बसवून दिली. पुढील भेटीत मी गेले, तेव्हा शेवटचा तास चालू होता. ती मुलगी उभी राहून धडा वाचत होती.

आपल्या शाळेतील कडी आजच पाहावी, ही विनंती.